किल्लीवाल्याचा पहिला प्रश्न

घराची किंवा दुकानाची किल्ली हरवली, की गावात चार माणसांत मान असलेला गृहस्थही स्वतःच्याच पायरीवर परका होऊन बसतो. आत शेगडीवर दूध ठेवलेले असते, पाळण्यात मूल झोपलेले असते, किंवा सकाळच्या गाडीने जावयाचा माल गोदामात अडकलेला असतो. मग शेजारचा कोणी तरी चौकातल्या किल्लीवाल्याचा मोबाइल क्रमांक देतो. अर्ध्या तासात एक अनोळखी माणूस हत्यारांची पिशवी घेऊन येतो, दाराकडे पाहतो आणि पिशवी उघडण्यापूर्वी विचारतो, “हे घर कोणाचे? काही कागद आहे का?”

पुष्कळांना या प्रश्नाचा राग येतो. “तीस वर्षे या पेठेत आमचे दुकान आहे आणि तू आम्हालाच कागद मागतोस?” असे उद्गार मी स्वतः ऐकलेले आहेत. व्यापारी घरात तोंडच्या शब्दाला किंमत असते; लाखांचा माल एका निरोपावर पाठविला जातो. त्यामुळे ओळख मागितली की अपमान झाल्यासारखे वाटते. ज्याचे उभे आयुष्य बँकेत सह्या पडताळण्यात गेले, त्याला मात्र हा प्रश्न आपलाच वाटतो. या महिन्याच्या लेखात त्या प्रश्नाचीच बाजू मांडावयाची आहे. तो विचारणारा कारागीर आपल्या मालमत्तेचे रक्षण करीत असतो आणि त्याच वेळी स्वतःच्या जिवाचे व अब्रूचेही.

हाताची कला

कुलपाची रचना थोडक्यात समजून घेतली, तर या कामातील कौशल्य ध्यानात येते. आपल्याकडच्या जाड कुलपांत धातूच्या पातळ पट्ट्या एकावर एक रचलेल्या असतात. त्यांनाच लिव्हर म्हणतात. किल्लीच्या दात्यांनी प्रत्येक पट्टी नेमक्या उंचीपर्यंत उचलली गेली, तरच आडणा सरकतो. पट्टी कमी उचलली तरी कुलूप अडते, जास्त उचलली तरी अडते. कुलपावर ‘सात लिव्हर’ किंवा ‘आठ लिव्हर’ असे कोरलेले असते, ते याच पट्ट्यांविषयी. दाराच्या लॅचमध्ये बहुधा दुसरी पद्धत असते. त्यात स्प्रिंगवर बसविलेल्या बारीक पिनांच्या जोड्या असतात. योग्य किल्ली आत गेली, की त्या एका रेषेत येतात आणि मधला दंडगोल फिरतो.

किल्ली हाती असेल, तर तिची नक्कल यंत्रावर काही मिनिटांत निघते. खरी परीक्षा किल्लीच नसते तेव्हा होते. जुना कारागीर कोरी किल्ली कुलपात घालतो, हलक्या हाताने फिरवतो, बाहेर काढून उजेडात धरतो. तिच्यावर बारीक खुणा उमटलेल्या असतात. त्या जागी तो कानस चालवतो आणि पुन्हा किल्ली आत घालतो. दहा वेळा, वीस वेळा हेच चालते. घाई केली तर किल्ली आत तुटते आणि काम दुप्पट होते. महाराष्ट्रातील अनेक शहरांत हे काम शिकलगार समाजातील कारागीर करतात. शस्त्रांना धार आणि झिलई देणे हा त्यांचा परंपरागत धंदा. शस्त्रांचे दिवस संपले आणि धातू जाणणारे हात कुलपांकडे वळले.

चांगल्या कारागिराचा कामाचा क्रम ठरलेला असतो. आधी तो विचारतो, की दुसरी किल्ली कोणा नातेवाइकाकडे आहे का, मागचे दार आहे का. मग पाहतो, की कुलूप खरोखर लागलेले आहे, की दार नुसते ओढले गेले आहे, की धूळ आणि गंज यांनी ते अडले आहे. त्यानंतर किल्ली घडविण्याचा प्रयत्न होतो. ड्रिल आणि कटर ही त्याची शेवटची साधने असतात. तीही नव्या कुलपाचा खर्च सांगून आणि मालकाची संमती घेऊन वापरली जातात. जो येताच ड्रिल बाहेर काढतो, दार न पाहता फोनवर अगदी अल्प रक्कम सांगतो आणि काम झाल्यावर तिची चौपट मागतो, त्याच्यापासून सावध राहावे.

उघडता येणार नाही असे कुलूप जगात नाही. लंडनमध्ये जोसेफ ब्रामा यांच्या पेढीने आपल्या दुकानाच्या खिडकीत एक कुलूप ठेवून ते उघडणाऱ्यास २०० गिनी देण्याचे जाहीर केले होते. कित्येक दशके ते कोणालाही उघडता आले नाही. १८५१ च्या जागतिक प्रदर्शनाच्या वेळी हॉब्स नावाच्या अमेरिकन कारागिराने ते उघडले. त्यासाठी त्याला १६ दिवसांत मिळून सुमारे ५१ तास लागले. या कथेतील मला महत्त्वाची वाटणारी गोष्ट वेगळीच आहे. हॉब्सने हे काम मालकाच्या परवानगीने, आधी ठरविलेल्या अटींवर आणि पंचांच्या देखरेखीखाली केले. चोराचे हात आणि किल्लीवाल्याचे हात यांत कौशल्याचा फारसा भेद नसेलही. भेद आहे तो परवानगीचा, नोंदीचा आणि साक्षीचा. म्हणूनच पहिला प्रश्न हा त्याच्या पिशवीतील सर्वांत महत्त्वाचे हत्यार आहे.

लॉकरच्या खोलीतील चार नियम

बँकेत लॉकरची किल्ली हरविल्याचे प्रसंग अधूनमधून येतात. लॉकरला दोन किल्ल्या लागतात, एक बँकेची आणि एक ग्राहकाची. ग्राहकाची हरवली, तर बँकेजवळ तिची दुसरी प्रत नसते. मग बँकेचा अधिकृत तंत्रज्ञ बोलावून लॉकर उघडावा लागतो. रिझर्व्ह बँकेने १८ ऑगस्ट २०२१ रोजी लॉकरविषयी सुधारित सूचना काढल्या आणि त्या १ जानेवारी २०२२ पासून अमलात आल्या. किल्ली हरविल्यावर काय करावे, हे त्यांत स्पष्ट सांगितले आहे. ग्राहकाची ओळख पटवावी. किल्ली हरविल्याची नोंद करून लॉकर फोडण्यास त्याची लेखी संमती घ्यावी. काम ग्राहकाच्या आणि बँकेच्या अधिकाऱ्याच्या समक्ष व्हावे. शेजारच्या लॉकरांना धक्का लागू नये आणि आतील वस्तू ग्राहकाखेरीज कोणाच्याही दृष्टीस पडू नयेत.

ओळख, लेखी संमती, साक्ष आणि गोपनीयता, असे हे चार नियम. वरकरणी ते ग्राहकाच्या हिताचे वाटतात. परंतु त्यांतील प्रत्येक नियम तंत्रज्ञाचेही तितकेच रक्षण करतो. ही गोष्ट मला एका तंत्रज्ञानेच दाखविली. आमच्या शाखेत तो दोन-तीनदा आला असेल. ड्रिलचे काम संपून लॉकरचे दार सैल झाले, की तो हत्यारे खाली ठेवी, दोन्ही रिकामे हात आम्हाला दाखवी आणि भिंतीकडे तोंड करून उभा राही. दार ग्राहकाने स्वतः ओढायचे. एकदा एका वृद्ध बाईंनी त्याला म्हटले, “अरे बाळा, एवढे केलेस तर दारही उघडून दे.” तो म्हणाला, “नाही आजी. आत काय आहे ते मला ठाऊक नाही, म्हणून तर मी रात्री सुखाने झोपतो.”

हे चार नियम घराच्या दाराला, दुकानाच्या शटरला आणि गोदरेजच्या कपाटालाही जसेच्या तसे लागू पडतात. फरक एवढाच, की बँकेत तंत्रज्ञाच्या मागे एक संस्था उभी असते. चौकातला किल्लीवाला एकटा असतो. नियम त्यालाच घालावे लागतात आणि पाळून घ्यावे लागतात.

अनोळखी दारापुढचे भय

आमच्या वस्तीच्या नाक्यावर अनेक वर्षे बसणारे एक किल्लीवाले आहेत. रात्रीअपरात्री हाक आली तरी जातात. मी एकदा त्यांना विचारले, “चाचा, भीती नाही वाटत?” ते म्हणाले, “साहेब, आपल्याला बोलावणाऱ्याला वाटतं, हा कुलूप उघडणारा आहे, याला कसली भीती? पण त्याचं कुलूप तरी मला दिसतं. त्याच्या मनातलं काय दिसतं?”

मग त्यांनी आपली रीत सांगितली. फोन आला, की ते लगेच निघत नाहीत. त्याच क्रमांकावर स्वतः उलट फोन करतात आणि पत्ता, मजला, इमारतीचे नाव विचारून घेतात. निघताना तो पत्ता मुलाच्या मोबाइलवर पाठवितात आणि काम संपल्यावर पुन्हा कळवितात. ठरल्या वेळेत फोन आला नाही, तर मुलगा शोध सुरू करतो. सोसायटीत शिरताना पहारेकऱ्याशी दोन शब्द बोलतात आणि बोलावणाऱ्याला तो ओळखतो का, हे पाहतात. मजुरी दारापाशी, काम सुरू होण्यापूर्वी ठरवितात. पिशवी हाताशी ठेवतात, दुसऱ्याला उचलू देत नाहीत. बसताना जिन्याकडची वाट मोकळी राहील अशा बेताने बसतात. दार उघडले की मालकाला आत जाऊ देतात आणि स्वतः उंबऱ्याबाहेर राहतात. कोणी चहाला आग्रह केला, तर तोही बाहेरच घेतात.

त्यांच्याजवळ एक मळकी वही आहे. तारीख, वेळ, पत्ता, बोलावणाऱ्याचे नाव, ओळखीचा कोणता कागद पाहिला आणि कोणते कुलूप उघडले, एवढे त्यात लिहून ते सही घेतात. तिचा उपयोग काय, हे त्यांनी एका वाक्यात सांगितले. “वस्तीत चोरी झाली, की पहिली आठवण आमची होते.” चोरी झालेल्या घरचे कुलूप त्यांनी दोन वर्षांपूर्वी बदलले असेल, तरी संशयाचे बोट त्यांच्याकडे वळते. अशा वेळी ती वहीच त्यांची साक्षीदार असते. हिशेबाच्या वहीचे मोल जाणणाऱ्या आपल्यासारख्यांना हे अधिक समजावून सांगणे नलगे.

शरीराला होणारे धोकेही आहेत. ड्रिल आणि कटर चालविताना धातूचा कीस डोळ्यांत उडतो, म्हणून चष्मा लागतोच. विजेवर चालणाऱ्या शटरचा प्रवाह आधी बंद करावा लागतो. कधी कधी मालक सुचवितात, “शेजारच्या बाल्कनीतून उतरून आत जा ना, लवकर होईल.” सातव्या मजल्यावर दोन बाल्कन्यांमधील अंतर चार फूटच असते, परंतु खाली सत्तर फूट असतात. अशा वेळी नकार देणे हेच शहाणपणाचे असते. आत मूल किंवा वृद्ध माणूस अडकले असेल, धूर दिसत असेल किंवा गॅसचा वास येत असेल, तर ते काम किल्लीवाल्याचे नव्हे. ठिणगी उडविणारे कोणतेही यंत्र तेथे चालवू नये, दारावरची घंटाही वाजवू नये. १०१ किंवा ११२ या क्रमांकावर फोन करून अग्निशमन दलाला बोलवावे.

दोन कुलपांचे शटर

सर्वांत मोठा धोका मात्र यांहून वेगळा आहे आणि तो आपल्यासारख्या व्यापारी कुटुंबांशी निगडित आहे. हा प्रसंगही चाचांनीच सांगितला. रात्री दहानंतर बाजारपेठेतील एका दुकानाचे शटर उघडण्यास त्यांना बोलाविले. बोलावणारा दुकानाचा भागीदार होता. कागदही त्याच्याजवळ होते, नाव खरे होते. शटरला मात्र दोन कुलपे होती. एक जुने, झिजलेले. दुसरे कोरे करकरीत, कालपरवा लावलेले. चाचांनी विचारले, “दादा, हे नवं कुलूप कोणाचं?” उत्तर आले, “माझ्या भावाचे. पण दुकान माझेही आहे. मला हिशेबाची पुस्तके बाहेर काढायची आहेत.” चाचा म्हणाले, “तुमचं जुनं कुलूप आत्ता उघडून देतो. नवं ज्याचं आहे, त्याला बोलवा.” आवाज चढले. बरोबरच्या दोघांनी त्यांच्या स्कूटरची किल्ली काढून घेतली. चाचांनी आवाज चढविला नाही. “बरं, मोठा बिट दुकानात राहिला आहे, घेऊन येतो,” असे म्हणून पिशवी खांद्याला लावून ते चालत निघाले आणि थेट चौकीवर गेले.

त्या भागीदाराचा दावा कायद्याने सर्वस्वी खोटा नव्हता. १९३२ च्या भागीदारी कायद्याच्या कलम १२ नुसार फर्मची पुस्तके पाहण्याचा आणि त्यांची नक्कल घेण्याचा अधिकार प्रत्येक भागीदाराला आहे. परंतु तो अधिकार बजावण्याचा मार्ग नोटीस, मध्यस्थ आणि न्यायालय यांच्याकडून जातो. रात्री दुसऱ्याचे कुलूप तोडून घेतलेली पुस्तके उद्या न्यायालयात आपल्याच विरुद्ध बोलू लागतात. आणि ज्या गरीब कारागिराच्या हातून ते कुलूप तुटते, तो ना भावांच्या मिळकतीत असतो ना नफ्यात. खटल्यात मात्र त्याचे नाव असते.

असे आणखी तीन प्रसंग आहेत, ज्यांत किल्लीवाल्याला बोलावू नये आणि त्यानेही जाऊ नये. पहिला भाडेकरूचा. भाडे थकले म्हणून भाडेकरू बाहेर असताना कुलूप बदलून घेणे मालकाला सोपे वाटते. परंतु कायदेशीर मार्गाखेरीज ज्याचा ताबा हिरावला गेला, त्याला १९६३ च्या विशिष्ट अनुतोष कायद्याच्या कलम ६ खाली सहा महिन्यांच्या आत दावा करून ताबा परत मिळविता येतो; तेथे मालकी कोणाची हे दाखवूनही मालकाचा बचाव होत नाही. दुसरा प्रसंग घरातील कलहाचा. सासरच्या घराची किल्ली बदलून सुनेला बाहेर ठेवण्याचे प्रकार होतात. कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षण देणाऱ्या २००५ च्या कायद्याने, घर कोणाच्या नावावर आहे याचा विचार न करता, तिला सामायिक घरात राहण्याचा हक्क दिलेला आहे. तिसरा प्रसंग बँकेच्या सीलचा. थकीत कर्जापोटी तारण मालमत्तेचा ताबा घेण्याचा अधिकार बँकांना २००२ च्या सरफेसी कायद्याने मिळाला. त्यासाठी कलम १४ खाली जिल्हादंडाधिकाऱ्यांचे साहाय्यही घेता येते. ताब्याची नोटीस दारावर चिकटविली, कुलपाला सील लागले, की ते काढण्याचा विचारही करू नये. तक्रार असेल, तर तिच्यासाठी ऋणवसुली न्यायाधिकरण आहे.

या सर्व प्रसंगांत किल्लीवाल्याचा नकार त्याच्यापुरता नसतो. रागाच्या भरात आपण जे पाऊल टाकणार असतो, त्यापासून तो आपल्याला एका रात्रीची उसंत देतो. त्या उसंतीत अनेकदा वडीलधारी मंडळी मध्ये पडतात आणि कोर्टाची पायरी टळते.

आपण काय करावे

पहिली गोष्ट, किल्लीवाला दिवसाउजेडी शोधून ठेवावा. एखाद्या कपाटाची किल्ली करून घेण्याच्या निमित्ताने त्याचे काम पाहावे, ठिकाण पाहावे आणि क्रमांक जपून ठेवावा. रात्री अकराला मोबाइलवर सापडलेल्या पहिल्या क्रमांकावर विसंबू नये.

दुसरी गोष्ट, घराची एक जादा किल्ली विश्वासू नातेवाइकाकडे असावी. वीज देयक किंवा करपावती आणि ओळखपत्र यांची छायाचित्रे मोबाइलमध्ये असावीत. कागद कपाटात आणि कपाट कुलपाआड असेल, तर ओळख पटवावयाची कशी? डिजिटल कुलूप असेल, तर त्याची माहितीपुस्तिका वाचून ठेवावी. अनेक कुलपांना बाहेरून ९ व्होल्टची बॅटरी टेकवून तात्पुरती वीज देता येते. केवळ सेल संपल्यामुळे कुलूप तोडण्याची वेळ येऊ नये.

तिसरी गोष्ट दुकानदारांसाठी. कोणती किल्ली कोणाकडे आहे याची नोंद ठेवावी आणि किल्ली सांभाळणारा नोकर सोडून गेला, की कुलूप बदलावे. किल्लीची नक्कल करण्यास नोकराला एकट्याला पाठवू नये. ती नक्कल कोणाच्या सांगण्यावरून झाली, हा प्रश्न पुढे किल्लीवाल्याच्या गळ्यात पडतो. तिजोरीसाठी मात्र ती बनविणाऱ्या कंपनीचाच तंत्रज्ञ बोलवावा.

चौथी गोष्ट, तो आल्यावर त्याला काम सुखाने करता यावे याची काळजी घ्यावी. जिन्यातील दिवा लावावा, बघ्यांची गर्दी हटवावी, पाणी विचारावे. घरातील एक माणूस शेवटपर्यंत शेजारी थांबावा. स्त्री एकटी असेल, तर शेजारणीला बोलावून घ्यावे. त्यात दोघांचीही सुरक्षितता असते. दार आपल्या हाताने उघडावे. नवी किल्ली त्याच्यासमोर तीन-चार वेळा फिरवून पाहावी आणि अर्धवट घासलेल्या किल्ल्या मागून घ्याव्यात. त्याच्या वहीत आनंदाने सही करावी. वही नसेल, तर एका कागदावर आपणच चार ओळी लिहून द्याव्यात. आणि रात्रीच्या कामाचे दिवसाहून अधिक पैसे मागितले, तर घासाघीस करू नये. झोपमोड आणि जोखीम या दोहोंची ती किंमत आहे.

दिवाळीपूर्वी आपण दुकान झाडतो, वह्या आवरतो, येणे-देणे जुळवितो. यंदा त्या यादीत आणखी एक काम घालावे. घरातील आणि दुकानातील सर्व कुलपे एकदा उघडून पाहावीत, बंद खणात पडलेल्या बेवारस किल्ल्या कोणत्या कुलपाच्या आहेत ते शोधावे, ज्यांचे कुलूप सापडत नाही त्या मोडीत काढाव्यात. घरातील तरुण मुलांनाही सांगून ठेवावे, की आपल्या दारी आलेल्या किल्लीवाल्याने कागद मागितला, तर तो मुकाट्याने दाखवायचा.